आधी नाव झाक, मग वाच

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. आपल्या सीमाभागातल्या वॉर्डातलं गटार त्या कन्नड उमेदवारानं करून दिलं हे तुला पटतंय, पण घरात बोललास की फितूर म्हणतात. फितूर बितूर काय नाहीस रे. पण तो शब्द तुला एवढा का लागला ते बघ.

मी एकच सांगतो, आधी नाव झाक, मग वाच. २००३ मध्ये जेफ्री कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक अभ्यास छापून आला. कॉलेजच्या पोरांना गरिबांना सरकारी मदत द्यायची योजना वाचायला दिली, कुणाला सढळ हाताची, कुणाला अगदी चिकट, आणि सोबत सांगितलं की तुमच्या पार्टीचा हिला पाठिंबा आहे. पोरं पार्टी बघून हो म्हणाली, योजनेत काय आहे त्यानं फारसा फरकच पडला नाही. आणि विचारलं तर म्हणे आम्ही मजकूर वाचून ठरवलं!

माझं पण तेच झालं. २००४ ला महाराष्ट्रानं सीमाप्रश्नावर सुप्रीम कोर्टात दावा टाकला तेव्हा शेजारचे धारवाडकडचे कन्नड मास्तर म्हणाले, कोर्टाला वेळ लागणार, तोवर तुमच्या मराठी शाळांचा पट सांभाळा. मी त्यांना नको नको ते बोललो. काही वर्षांनी हेच आपल्यातला एकजण मीटिंगमध्ये बोलला आणि मी टाळ्या वाजवल्या, मास्तर आठवले पण नाहीत. ते वारले, माफी मागायची राहिली ती राहिलीच.

आता म्हणशील, मग काका तुम्ही १ नोव्हेंबरला, मराठी भाग कर्नाटकात घातला त्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाला अजून का जाता? जातो, आणि जाणार. मराठीत सरकारी कागद मिळावा ही मागणी मी नाव झाकून पन्नासदा वाचलीय. जतच्या कन्नड माणसानं महाराष्ट्राकडं कन्नडमध्ये कागद मागितला तरी मी हो म्हणतो, मग मी का हटू? हट्टी म्हणतात मला, म्हणू देत. पण तू नाव न झाकता उगाच माझ्यामागनं येऊ नकोस, ते मला चालणार नाही.

दोन्ही उमेदवारांची पत्रकं आण, नावावर बोट ठेव आणि वाच. आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचं पण तसंच वाच, तिथं सूट नाही. मग बाबांना मोठ्यानं वाचून दाखव, नाव शेवटी सांग. चिडले तर माझ्याकडं पाठव, मी बोलतो त्यांच्याशी.