झॅम्पमध्ये अपाची सुरूच होत नाही. विंडोज फॉरमॅट मारू का?

भावा, फॉरमॅट मारू नकोस. आधी हे वाच.

तू लिहिलंयस, पीएचपी (वेबसाइट करायची भाषा) शिकायला झॅम्प टाकलं, म्हणजे सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारं पॅकेज, आणि त्यातल्या अपाची या वेब सर्व्हरसमोरचं स्टार्ट दाबलं की क्षणभर सुरू होतं आणि लगेच बंद पडतं, आणि क्लासवाले म्हणतात विंडोज नव्यानं टाक. हे शेवटचं वाचलं आणि डोकंच फिरलं, म्हणून रात्री साडेअकराला टाइप करत बसलोय.

२०१४ ची गोष्ट. माझ्या मामांची कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत. त्यांची वेबसाइट करायचं खूळ माझ्या डोक्यात: रव्यांचे (गुळाच्या ढेपांचे) फोटो, रोजचा सौद्यातला दर, असं काहीबाही. माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून संध्याकाळी मामांच्या घरच्या पीसीवर बसायचो. झॅम्प टाकलं, स्टार्ट दाबलं, आणि तुझ्यासारखंच झालं. खाली लाल अक्षरांत चार-पाच ओळी आल्या. इंग्रजी बघूनच मी घाबरलो आणि राजारामपुरीत जिथं क्लास लावला होता त्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "व्हायरस असणार. फॉरमॅट मार." मारला.

मामांच्या त्या हंगामाच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या गूळविक्रीचे हिशेब, डेस्कटॉपवर एक्सेलमध्ये होत्या. गेल्या. कार्बनच्या पुसट प्रतींवरून मी नऊ रात्री बसून त्या परत टाइप केल्या. मामा शेजारी बसून शेतकऱ्याचं नाव, रवे, वजन वाचून दाखवायचे आणि दर दहाव्या पट्टीला "शिकलेला भाचा" म्हणून उसासा टाकायचे.

पण खरी गंमत पुढंच आहे. फॉरमॅटनंतर अपाची चाललं! सर खूश, क्लासमध्ये माझंच उदाहरण. मग रविवार आला. मामेबहीण तेव्हा जर्मनीत होती. मामी म्हणाली, "अरे, ताईशी बोलायचं ते कुठं गेलं?" मी स्काईप परत टाकलं. ताईचं बोलणं झालं, रात्री पुन्हा अपाची बंद. सरांना फोन. "परत फॉरमॅट मार."

या खेपेला मी त्या लाल ओळी एकेक शब्द लावून वाचल्या. पोर्ट ८० (वेब सर्व्हरचा ठरलेला दरवाजाच म्हण) वापरात आहे, आणि कोण वापरतंय त्याचा अख्खा पत्ता: स्काईप डॉट ईएक्सई. पहिल्या दिवशीही हेच लिहून आलं असणार. विंडोज सुरू झालं की स्काईप आपोआप उठायचं आणि ८० अडवून बसायचं, मग अपाचीला जागाच नाही. स्काईपच्या कनेक्शन सेटिंगमध्ये ८० आणि ४४३ (सुरक्षित वेबसाइटचा पोर्ट) पर्यायी म्हणून वापरायची एक टिकमार्क होती. ती काढली, झालं. दहा सेकंदांचं काम.

तुझ्याकडे स्काईप नसणार, ते ५ मे २०२५ ला कायमचंच बंद झालं. पण लाल ओळीत पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा नंबर) ४ दिसत असेल तर बहुतेक विंडोजचाच आयआयएस नावाचा वेब सर्व्हर जागा अडवून बसलाय. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' थांबव. नाहीतर सरळ अपाचीचा पोर्ट बदल: पॅनेलमध्ये अपाचीसमोरच्या कॉन्फिगमधून मुख्य कॉन्फिग फाइल उघड, 'लिसन ८०' चं ८०८० कर, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढं कोलन देऊन ८०८० लिही. भांडण ४४३ वर असेल तर तिथल्याच एसएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ४४३ च्या जागी दुसरा मोकळा आकडा टाक. प्रोग्रॅम फाइल्समध्ये झॅम्प टाकलं असशील तर काढ आणि थेट सी ड्राइव्हवर टाक, प्रोग्रॅम फाइल्समध्ये परवानग्यांचा घोळ होतो. काढण्याआधी झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमधलं तुझं काम दुसरीकडं कॉपी कर, हे मी सांगायला पाहिजे असं नाही, पण सांगतो.

मागच्या वर्षी रंकाळ्यावर सर भेटले. मी विषय काढलाच. म्हणाले, "पण फॉरमॅट केल्यावर चाललं होतं की नाही?" चाललं होतं, सर. स्काईप उडालं म्हणून चाललं होतं. घरात उंदीर शिरला म्हणून घर पाडलं तर उंदीर जातोच की.

आता खरं सांगायचं तर एचटीएमएलचा पहिला टॅग मला त्यांनीच शिकवला, आणि माझी फी दोन महिने थकली तरी कधी मागितली नाही. आणि हो, व्हायरसनं कॉम्प्युटर खरंच पोखरला असेल तर फॉरमॅट मारावाच लागतो, नाही असं नाही. पण सर्व्हर चालत नाही म्हणून नव्हे.

झॅम्प चांगलं की दुसरं काही, हेही तू विचारलंयस. नुसतं पीएचपी गिरवायचं असेल तर २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून पीएचपीच्या पोटातच छोटा सर्व्हर आहे, शिकायला तेवढा पुरतो. डेटाबेस लागला की झॅम्प. फक्त त्यातल्या डेटाबेसच्या रूट, म्हणजे मुख्य, युजरला पासवर्डच नसतो, म्हणून ते जसंच्या तसं इंटरनेटवर उघडं टाकू नकोस.

लाल अक्षरांत काय आलंय ते न गाळता खाली टाक. सकाळी बघतो.