जुआनिटा ब्रुक्स कोण होत्या? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न: मॉर्मन लोकांचा, म्हणजे अमेरिकेतल्या त्या ख्रिस्ती पंथाचा, इतिहास वाचायचाय, पण जे मिळतं ते एकतर भक्तिभावानं लिहिलेलं नाहीतर शिव्या घालणारं. कुणापासून सुरुवात करू?

उत्तर: जुआनिटा ब्रुक्स, डोळे झाकून. जन्म १८९८, नेवाडातलं बंकरव्हिल नावाचं छोटं मॉर्मन गाव, आणि १९८९ मध्ये गेल्या त्या युटातल्या सेंट जॉर्जला, म्हणजे जवळपास सगळं आयुष्य आपल्याच लोकांत, चर्चही कधी सोडलं नाही. आणि तरी त्या समाजानं सगळ्यात जास्त झाकून ठेवलेली गोष्ट १९५० मध्ये पुस्तक काढून बाईंनीच मांडली.

प्रश्न: ती माउंटन मेडोजच्या हत्याकांडाचीच ना? त्यात नवीन काय सांगितलं?

उत्तर: हो, तीच. जागा दक्षिण युटातली, सप्टेंबर १८५७. अमेरिकन सैन्य युटाकडे निघालंय म्हणून सगळे आधीच बिथरलेले, त्यात अर्कान्सासहून कॅलिफोर्नियाला चाललेला एक तांडा तिथे पोचला. मॉर्मन मिलिशियानं, म्हणजे स्थानिक हत्यारबंद दलानं, पांढरं निशाण दाखवलं, सुखरूप नेतो असा शब्द दिला, आणि बाहेर काढून सुमारे १२० माणसं मारली. लहान लहान १७ मुलं तेवढी वाचली. नंतर खापर फुटलं पाइयूट आदिवासींवर आणि मिलिशियातल्या एकट्या जॉन डी. लीवर, त्याला १८७७ मध्ये त्याच जागी नेऊन गोळ्या घातल्या. बाईंनी दाखवलं की बेत स्थानिक मॉर्मन पुढाऱ्यांचा होता. तेव्हाचा चर्चप्रमुख ब्रिगम यंग यानं हुकूम दिला असं त्या म्हणत नाहीत, उलट तांड्याला जाऊ द्या असं त्याचं पत्र दोन दिवस उशिरा पोचलं, पण त्याच्या भाषणांनी वातावरण तापलं आणि पुढे त्यानं प्रकरण दाबायला हातभार लावला हे त्या स्पष्ट लिहितात. दोन्ही बाजू नाराज होतील असा निष्कर्ष पुरावा सांगतो म्हणून मांडायचा, याला मी खरी इतिहासकार म्हणतो.

प्रश्न: पण शिक्षिका असलेल्या बाई याकडे वळल्या कशा, आणि संसारात वेळ कधी मिळाला?

उत्तर: तरुण असताना नेफाय जॉन्सन नावाच्या म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की मला काही लिहून ठेवायचंय, तू लिहून घे. राहून गेलं. पुढे तो मरणाला टेकला तेव्हा भ्रमात रक्त रक्त म्हणून ओरडत होता, आणि मग बाईंना कळलं की तो त्या दिवशी तिथे हजर होता. हे त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही.

संसाराचं म्हणाल तर पहिला नवरा लग्नानंतर दीड वर्षाच्या आतच कॅन्सरनं गेला, पदरात लहान मुलगा, तरी शिकल्या, कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. केलं, सेंट जॉर्जच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. १९३३ मध्ये विल ब्रुक्स या विधुर शेरीफशी लग्न, त्याची चार मुलं, मग आणखी चार झाली. लिखाण रात्री. दिवसा कोणी आलं तर टाइपरायटरवर इस्त्रीचे कपडे टाकायचे, कारण बाईमाणसानं हे काय चालवलंय असं गावात बोललं जायचं. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे आसपासच्या घरांतल्या जुन्या डायऱ्या मिळवून त्यांच्या नकला टाइप करून घेणं, मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून हे चालायचं, नंतर कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीसाठीही त्यांनी अशा डायऱ्या गोळा केल्या. हे कागद नसते तर पुस्तक उभंच राहिलं नसतं.

प्रश्न: चर्चनं त्यांना काढून टाकलं का?

उत्तर: नाही. पण चर्चकडे असलेले साक्षीदारांचे जबाब त्यांना बघू दिले नाहीत, आणि पुस्तकानंतर जवळच्या लोकांनीही अंतर ठेवलं. १९६१ मध्ये चर्चनं जॉन डी. लीला मरणोत्तर परत सदस्य करून घेतलं, तेव्हा बाई त्याचं चरित्र लिहीत होत्या. ही बातमी छापू नका असा वरून दबाव आला, छापलीत तर निर्णय मागे घेऊ इथपर्यंत. त्यांनी छापली. निर्णय मागे घेतला गेला नाही.