परांची उभी, काम ठप्प

प्रश्न : आमच्या ४२ सदनिकांच्या सोसायटीत बाहेरचा गिलावा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम सहा महिन्यांत पुरे व्हायचे होते. आता अकरावा महिना चालू आहे. सत्तर टक्के काम झाले असे कंत्राटदार सांगतो, डोळ्यांना मात्र निम्मेच दिसते. पावसाळा अडीच महिन्यांवर आहे आणि सभासद कंत्राटदार बदला म्हणतात. सचिव म्हणून मी काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कंत्राटदार बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण नवा माणूस जुन्या कामाची हमी घेत नाही, दर नव्याने ठरतात आणि त्या घोळात यंदाचा पावसाळा हातचा जातो.

पहिला आठवडा केवळ मोजमापासाठी द्या. सल्लागार अभियंता आणि कंत्राटदाराचा मुकादम यांना सोबत घेऊन प्रत्येक भिंतीवरचा पुरा झालेला गिलावा चौरस मीटरमध्ये मोजा, त्यावर तिघांच्या सह्या घ्या आणि आजवरच्या रनिंग बिलांशी (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेल्या बिलांशी) तो ताडून पाहा. ‘सत्तर टक्के’ हा आकडा बहुधा बिलांचा असतो. परांची बांधणे, जुना गिलावा फोडणे यांचे पैसे आधीच निघून गेलेले असतात. शिवाय गिलावा फोडल्यावर अंदाजापेक्षा जास्त सळया गंजलेल्या निघतात. त्या जादा कामाचा दर लेखी ठरला नसेल, तर कंत्राटदार भांडत बसत नाही, गुपचूप मजूर दुसऱ्या साइटवर हलवतो.

माझ्या पाहण्यातल्या एका इमारतीत दक्षिणेकडची परांची सात आठवडे नुसती उभी होती, कारण तीन घरे खिडक्यांच्या ग्रिल काढू देत नव्हती. ग्रिल निघाल्याशिवाय गिलावा नाही, गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारल्याशिवाय रंग नाही. रंगारी बसून आणि परांचीचे भाडे चालू. तिथे मजूर दुप्पट केले असते तरी फरक पडला नसता. समितीच्या इतिवृत्तात मात्र हा विषय चार वेळा आला होता आणि चारही वेळा ‘चर्चा झाली’ एवढीच नोंद होती!

तेव्हा अडलेल्या निर्णयांची यादी करा आणि प्रत्येकासमोर एकाच व्यक्तीचे नाव व तारीख लिहा. ठरावीक मर्यादेपर्यंतचे जादा काम मंजूर करण्याचे अधिकार सर्वसाधारण सभेच्या ठरावाने समितीतल्या तिघांना द्या. कोकण रेल्वेच्या कार्यालयांत तिच्या बांधणीचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी उरलेले दिवस दाखवणारी घड्याळे लावली होती, हे सर्वांना आठवते; पण तो मार्ग सुमारे शंभर किलोमीटरच्या सात विभागांत वाटून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला होता, ही व्यवस्था मला घड्याळांहून महत्त्वाची वाटते.

कामाचा क्रमही बदलावा लागेल. आधी गच्ची, कारण वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून गळती तपासायला कोरडे दिवस हातात हवेत. मग पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची भिंत. रंग दिवाळीनंतर द्यावा आणि हे सभासदांना आजच लेखी कळवावे. नाराजी होईल, पण ती एकदाच होईल.

मोजून निघालेली कंत्राटदाराची थकबाकी लगेच चुकती करा, पुढचे पैसे मात्र एकेक भिंत पुरी झाल्यावरच द्या. त्यानंतरही तीन आठवड्यांत मजूर परतले नाहीत, तर कराराप्रमाणे नोटीस द्यावी आणि सह्या केलेल्या मोजमापाची प्रत तिला जोडावी.