जुनी गाडी बदलून देताना रंगाची जाडी

गाडी एक्स्चेंजला नेण्याआधी रंगाची जाडी स्वतः मोजून घ्या. डीलरचा माणूस जाडी मोजायचा मीटर लावणारच आहे, आकडे आधी तुमच्या हातात असलेले बरे.

कंपनीतून आलेला रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. 200 च्या पुढे गेला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला असतो, आणि 500 च्या वर गेला की खाली पुट्टी असण्याची शक्यता मोठी. पण एका आकड्यावर निकाल लावू नका. एकाच दरवाजावर पाच-सहा जागी मोजा, मग गाडीच्या दुसऱ्या बाजूचा तोच दरवाजा मोजा. खरी गोष्ट या फरकात कळते. दाराच्या आतल्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथला आकडा कमी आला म्हणून गोंधळू नका. बंपर प्लास्टिकचा, त्यावर साधा मीटर चालत नाही. बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर ते मोजू शकणारा मीटर लागतो.

बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, तेही बघा; असतील तर तो भाग कधीतरी खोललेला असू शकतो.

दुरुस्ती झाली असेल तर आधीच सांगा, बिल दाखवा. ओरखड्यासाठी रंगवलेला दरवाजा फार किंमत पाडत नाही. छताचा किंवा पिलरचा (छत पेलणाऱ्या खांबाचा) आकडा वाढला की मात्र मोठ्या अपघाताचा संशय येतो. आणि गाडी तुम्ही सेकंडहँड घेतली असेल, तर आधीच्या मालकाने लपवलेलं काम मोजल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही.