लोक पाहतील, या संकोचाचे काय?

प्रश्न : माझे वय 42 आहे. धावायला सुरुवात करावीशी वाटते. परंतु शिवाजी पार्कात ओळखीचे लोक पाहतील आणि दोन मिनिटांत धाप लागेल, या संकोचाने पाऊल अडते. काय करावे?
– एक वाचक, दादर

उत्तर : पहाटे कट्ट्यावर बसलेली मंडळी स्वतःच्या गप्पांत इतकी रंगलेली असतात की, तुमच्याकडे एखादा कटाक्ष गेलाच तरी तो तेवढ्यापुरताच असतो. धाप मात्र खरी अडचण आहे आणि ती बहुधा वेग अधिक ठेवल्याने लागते. म्हणून धावताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच संथ गतीने एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे आणि हा क्रम वीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा ठेवावा. मुंबईच्या दमट हवेत घाम सहज वाळत नाही, त्यामुळे सूर्योदयाची वेळ उत्तम. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.