वाचकांचे प्रश्न : दवाखान्यातून घरी आणल्यानंतर

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये रोगांविषयी कमी आणि आजारी प्राणी घरी आणल्यानंतर करायच्या शुश्रूषेविषयी अधिक विचारले गेले आहे. त्यात नवल नाही. ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या परिचारिकांचे रीतसर प्रशिक्षण 1961 मध्ये सुरू झाले. आपल्याकडे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पशुवैद्यांची नोंदणी होते, परंतु कुत्र्या-मांजरांच्या परिचारिका हा वेगळा, नोंदणीकृत पेशा अजून उभा राहिलेला नाही. त्यामुळे ते काम घरातल्या माणसांकडेच येते. आजच्या उत्तरांत औषधांच्या मात्रा दिलेल्या नाहीत, कारण त्या तुमच्या प्राण्याला तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायच्या असतात.

आमची 13 वर्षांची मनी हिच्या किडन्या निकामी होत चालल्या आहेत. डॉक्टरांनी एक दिवसाआड कातडीखाली सलाइन घरीच द्यायला सांगितले आहे, पण माझे हात थरथरतात. शिवाय ती वाटीपाशी जाते, हुंगते आणि परत फिरते. मग सासूबाई तिला चमच्याने पेज भरवतात. हे योग्य आहे का? — एक वाचक, नाशिक

आधी खाण्याविषयी लिहिते, कारण ते अधिक तातडीचे आहे. वाटीपाशी जाऊन, हुंगून परत फिरणाऱ्या मांजराला पुष्कळदा भूक असते, पण त्याच वेळी मळमळतही असते. वारंवार ओठ चाटणे आणि लाळ गळणे ही त्याचीच लक्षणे होत. घरातल्यांना हे नखरे वाटतात, रोज नवा पदार्थ पुढे केला जातो आणि त्यात चार दिवस निघून जातात. दुखणाइताला लंघन घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, परंतु मांजराला ती लागू नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही, तर, विशेषतः मांजर अंगाने जाड असेल तर, त्याच्या शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि किडनीच्या आजारावर यकृताच्या आजाराची भर पडते. म्हणून मनीने पूर्ण एक दिवस काही खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा आणि ‘खात नाही’ एवढेच न सांगता ‘हुंगून परत फिरते’ असे सांगावे, म्हणजे त्यांना मळमळ थांबवणाऱ्या औषधाचा विचार करता येईल.

सासूबाईंची माया मी समजू शकते, पण चमच्याने पेज भरवणे थांबवावे. एक तर मांजर मूळचे मांसाहारी असल्यामुळे पेजेने त्याचे भागत नाही. दुसरे म्हणजे बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आणि तिसरे, जे सहसा कोणी सांगत नाही, ते असे की मळमळत असताना जबरदस्तीने भरवलेल्या पदार्थाची मांजराला कायमची शिसारी बसू शकते. त्यापेक्षा अन्न किंचित कोमट करून, पसरट बशीत, थोडे थोडे, पाण्यापासून दूर ठेवून पाहावे. कांदा-लसूण घातलेले चिकन सूप अजिबात देऊ नये, कारण कांद्या-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एवढे करूनही ती खात नसेल, तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. नळीचे नाव काढताच लोक दचकतात. माझा अनुभव असा, की नळी बसल्यानंतर घरातली रोजची झटापट संपते आणि मांजर माणसांना पाहून पलंगाखाली पळणेही थांबवते. अन्न, पाणी आणि बरीचशी औषधे त्याच नळीतून देता येतात, फक्त दर वेळी आधी आणि नंतर कोमट पाण्याने ती धुवावी लागते.

आता सलाइन. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवावी आणि बाळाचे दूध पाहतो तसे दोन थेंब मनगटावर टाकून पाहावे. थंडगार सलाइन कोणालाच सोसत नाही. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलली की तिचा तंबू होतो. त्या तंबूच्या तळाशी, सुईचे तिरपे तोंड वर ठेवून, न अडखळता टोचावे, कारण दुखते ते भीत भीत अर्धवट टोचल्यामुळे. सलाइन दिल्यानंतर तिथे लोंबता फुगवटा येतो आणि कधी कधी तो पुढच्या पायाकडे उतरतो. त्याला चोळू नये, काही तासांत तो आपोआप जिरतो. सुई दर वेळी नवी घ्यावी आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात परत द्याव्यात, कचऱ्यात टाकू नयेत. पहिल्या दोन वेळा दवाखान्यातील मदतनिसासमोर स्वतः टोचून पाहावे, हात तिथेच स्थिर होतो.

एक वही ठेवावी. तिच्यात रोज खाणे, उलटी, लघवी आणि आठवड्यातून एकदा वजन लिहावे. वजनकाट्यावर आधी मनीला घेऊन आणि मग एकट्याने उभे राहून वजाबाकी केली तरी चालते. त्याखेरीज तीन गोष्टी दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा: मान वर न धरता येऊन हनुवटी छातीकडे झुकणे, कारण रक्तातले पोटॅशियम घटल्यावर असे होते, बाहुल्या मोठ्या होऊन एकाएकी वस्तूंना धडकणे, कारण किडनीच्या आजारात वाढलेला रक्तदाब डोळ्यांवर येऊ शकतो, आणि झोपेत छातीची हालचाल मिनिटाला 30 च्या वर जाणे. हे शेवटचे लक्षण सलाइन घेणाऱ्या मांजरात दिसले, तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत पुढचे सलाइन देऊ नये.

मांजराला ताप आहे. अर्धी क्रोसिन दिली तर चालेल का? — सांगली

नाही, आणि पावही नाही. पॅरासिटामॉल निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते, त्यामुळे 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा तुकडाही जीवघेणा ठरू शकतो. हिरड्या तपकिरी पडणे, चेहरा आणि पंजे सुजणे, धाप लागणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. त्यावर उतारा आहे, पण तो काही तासांत मिळायला हवा. घरातल्या कोणी गोळी आधीच दिली असेल, तर संकोच न करता किती आणि केव्हा दिली ते दवाखान्यात सांगावे. हाच नियम कुत्र्यांच्या बाबतीत आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांना लागू आहे. त्यांनी जठरात व्रण होतात आणि किडन्यांना इजा पोहोचते.

आमचे तीन महिन्यांचे पिल्लू पार्व्होमधून वाचले आणि काल घरी आले. त्याला काय खायला द्यावे, आणि घर कसे स्वच्छ करावे? शेजारच्यांनी नवीन पिल्लू आणले आहे. — कोल्हापूर

पिल्लू वाचले याचा आनंद आहे. पार्व्होत आतड्याचे अस्तरच झडून जाते, ते पुन्हा तयार होईपर्यंत पोट नाजूक राहते. उकडलेले, चरबी आणि कातडी काढलेले चिकन आणि मऊ भात दिवसातून पाच-सहा वेळा, मूठभर एवढाच द्यावा. दूध देऊ नये. उलट्या थांबल्यावरही पोटाला ‘आराम’ म्हणून उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता सोडून दिलेली आहे, कारण आतड्याचे अस्तर भरून यायलाही अन्नच लागते. मात्र उलटी पुन्हा सुरू झाली किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर घरी प्रयोग करत बसू नये.

स्वच्छतेविषयी बहुतेकांचा गैरसमज आहे. पार्व्होचा विषाणू आपल्या नेहमीच्या फिनाइलने खात्रीने मरत नाही, आणि सावलीतल्या मातीत तो कित्येक महिने टिकून राहतो. त्याला ब्लीच लागते: आधी साबणाने शी आणि चिकटा पूर्ण धुऊन काढावा, मग 1 भाग साधे घरगुती ब्लीच 30 भाग पाण्यात मिसळून फरशीवर ओतावे आणि निदान 10 मिनिटे ती ओली ठेवून नंतर पुसावी. घाण तशीच राहिली तर ब्लीचचा जोर तिच्यातच खर्ची पडतो, म्हणून क्रम उलटा करू नये. फिनाइल किंवा ॲसिड ब्लीचमध्ये मिसळू नये, आणि त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. अंगणातल्या मातीला किंवा सारवलेल्या जमिनीला ब्लीचचा उपयोग नाही. तिथे शी मातीसकट खरवडून काढणे आणि ऊन लागू देणे एवढेच हाती राहते.

बऱ्या झालेल्या पिल्लाच्या शीतून आणखी काही आठवडे विषाणू बाहेर पडू शकतो. शेजारच्या पिल्लाचे वय 16 आठवड्यांच्या पुढे जाऊन लसीचे सर्व डोस पूर्ण होईपर्यंत दोघांची गाठ घालू नये, आणि तुम्हीही त्याच चपलांनी त्यांच्याकडे जाऊ नये. माणसाला हा रोग होत नाही, पण तो माणसाच्या पायांनी फिरतो.

नऊ वर्षांच्या लॅब्राडॉरचे मागचे दोन्ही पाय गेले आहेत. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लघवी सतत ठिबकते, म्हणजे निदान ती होते आहे असे मानायचे का? — पुणे

असे मानू नये, आणि तुम्ही हे विचारलेत ते फार बरे झाले. मणक्याच्या आजारात सतत ठिबकणारी लघवी बहुधा काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातून सांडणारी असते. म्हणजे वरून सांडते आणि आत तुंबते. अशा तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो आणि मूत्राशयाचा स्नायू ताणून कायमचा सैल पडू शकतो. ओटीपोटावर दोन्ही तळव्यांनी हलका, सावकाश दाब देऊन दिवसातून तीन-चार वेळा मूत्राशय रिकामे करण्याची एक रीत आहे. ती वाचून शिकण्यासारखी नाही, दवाखान्यात डॉक्टरांचा हात तुमच्या हातावर ठेवून शिकून घ्यावी. लघवीला उग्र वास आला, ती गढूळ किंवा लालसर दिसली, तर तपासणीसाठी नमुना न्यावा.

त्यानंतर येतात ते शय्याव्रण. जड कुत्रा एकाच कुशीवर पडून राहिला, तर खुबा, कोपर आणि खांदा यांच्यावरची कातडी एक-दोन दिवसांतही फाटू शकते. दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलावी. घरात तीन माणसे असतील तर पाळ्या लावून कागद भिंतीवर चिकटवावा, नाहीतर दोघांना वाटते तिसऱ्याने केले असेल. खाली जाड फोमची गादी, तिच्यावर प्लास्टिक आणि सर्वांत वर जुन्या सुती साडीची घडी, हा बाजारातल्या कोणत्याही महागड्या गादीइतकाच चांगला बिछाना आहे. ओली घडी लगेच बदलता येते, हा त्याचा मोठा गुण. मांड्यांमधले केस बारीक कापून घ्यावेत, जागा कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी. टाल्कम पावडर लावू नये, ओलसर जागी तिचे गोळे होऊन घासतात. लहान मुलांच्या रॅशवरचे पांढरे मलमही टाळावे, कारण त्यात पुष्कळदा जस्ताचे संयुग असते आणि कुत्र्याने ते चाटून पोटात गेले तर विषबाधा होऊ शकते. पावसाळ्यात जखमेवर एक माशी बसली तरी अळ्या पडतात, म्हणून कुत्रा मच्छरदाणीत झोपला तर हसण्यासारखे त्यात काही नाही. अळ्या दिसल्या तर रॉकेल ओतू नये, दवाखान्यात न्यावे.

उचलताना पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे, लांब पंचा घालून त्याची दोन्ही टोके वर धरावीत. पुढचे पाय चालतात, मागचा भार पंच्यावर येतो आणि लिफ्टपर्यंतचा रस्ता त्याला स्वतः चालल्यासारखा वाटतो. मागच्या पायांचे सांधे दिवसातून तीनदा, दर वेळी दहा-पंधरा वेळा हळूच दुमडून सरळ करावेत. खाणे-पिणे मात्र त्याला छातीवर, सरळ बसवूनच द्यावे. कुशीवर पडलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी घालू नये.

कुत्रीला मधुमेह आहे. इन्सुलिन तेच, पण या वेळी दुकानदाराने वेगळी सिरिंज दिली. फरक पडतो का? — बडोदा

फार मोठा पडतो. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेले आणि 100 युनिट असलेले, असे दोन प्रकारचे इन्सुलिन मिळते. 40 च्या सिरिंजचे टोपण लाल असते आणि 100 च्या सिरिंजचे नारिंगी. 100 चे इन्सुलिन 40 च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर कुत्रीला अडीचपट मात्रा जाईल. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याखेरीज टोचू नये. ती जेवली नसेल तर ठरलेली मात्रा देण्याआधी फोन करावा. ती लडखडू लागली किंवा तिला झटके आले, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजची दाट पेस्ट चोळावी आणि लगेच निघावे.

अकरा वर्षांच्या कुत्र्याला कर्करोग आहे. थांबायचे कधी, हे कसे ठरवायचे? घरात सात वर्षांची मुलगी आहे. — ठाणे

याचे उत्तर मी देऊ शकत नाही, पण ठरवण्याची एक रीत सांगते. त्याला आवडणाऱ्या चार गोष्टी लिहून काढा: दाराशी जाणे, ठरावीक माणसाची वाट पाहणे, विशिष्ट खाऊ, जे काही असेल ते. दिनदर्शिकेवर रोज रात्री एकच खूण करा, दिवस चांगला की वाईट. आठवड्यात वाईट दिवस अधिक होऊ लागले आणि चारपैकी तीन गोष्टी गेल्या, की डॉक्टरांना भेटावे. वेदनाशामक बदलून काही साधता येईल का, हे त्यांना आधी विचारावे. घरातील प्रत्येकाने खूण वेगळी करावी. सर्वांत उशिरा वाईट दिवस मान्य करणारा माणूस बहुधा त्याला सर्वांत जास्त जवळचा असतो, त्याला घाई करू नये.

दयामरण नोंदणीकृत पशुवैद्याच्याच हातून व्हावे, आणि काही डॉक्टर त्यासाठी घरी येतात. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, असा क्रम असतो. डोळे मिटत नाहीत, हृदय थांबल्यावरही एखादा श्वास किंवा स्नायूची उसळी दिसू शकते आणि लघवी होते, म्हणून खाली जुनी चादर घालावी. मुलीला ‘झोपवले’ असे सांगू नये. सात वर्षांचे मूल त्या रात्री स्वतः झोपायला घाबरते. ‘तो मेला, आता त्याला दुखत नाही,’ असे सरळ सांगावे आणि तिला हवे असल्यास पाहू द्यावे.