डार्विनचं पत्र की घराचं डिपॉझिट?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, दोघंही पस्तिशीतले, लीड्सला राहतो. पहिल्या घराच्या डिपॉझिटसाठी, म्हणजे घर विकत घेताना सुरुवातीला भरायच्या रकमेसाठी, २२,००० पाउंड साठवलेत. लंडनच्या एका लिलावात चार्ल्स डार्विनचं कीटकभक्षी वनस्पतींबद्दलचं १८७४ चं पत्र आलंय. बोली ९,००० पर्यंत जाईल म्हणतात. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. गुंतवणूक म्हणून घेऊ का?

उत्तर: ताई, गुंतवणूक म्हणून घेऊ नका. ९,००० वर बोली सुटली, तर लिलावगृहाचा प्रीमियम (बोलीवर खरेदीदाराने द्यायचं शुल्क), समजा २५ टक्के, म्हणजे २,२५० आणि त्यावर व्हॅट ४५०. पत्र हातात येईपर्यंत ११,७०० गेले. पुढे विकताना व्हॅटसकट १८ टक्के कमिशन धरलं, तर नुसती मुद्दल वसूल व्हायला बोली १४,२५० च्या वर जायला हवी. तोवर व्याज नाही, लाभांश नाही, विम्याचा हप्ता मात्र चालू.

शिवाय डार्विनची पत्रं तितकी दुर्मीळ नाहीत. त्यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रं केंब्रिजच्या डार्विन पत्रव्यवहार प्रकल्पाने ३० खंडांत छापली आहेत. मोठा भाव येतो तो मजकुराला. २०१५ मध्ये न्यूयॉर्कला १,९७,००० डॉलरला गेलेल्या पत्रात, बायबल हा ईश्वरी साक्षात्कार आहे असं आपण मानत नाही, हे डार्विननी १८८० साली स्पष्ट लिहिलं होतं. उतारवयात ते बरीच पत्रं घरच्यांकडून लिहून घेत आणि खाली सही करत. तुमच्या पत्रातलं अक्षर कुणाचं, हे लिलावगृहाकडून लेखी घ्या. दुसऱ्याच्या अक्षरातलं असेल, तर पत्राची किंमत बरीच उतरते. केंब्रिजच्या ऑनलाइन सूचीत ते आहे का, मजकूर जुळतो का, आजवर कुणाकुणाकडे होतं, हेही तपासा.

तुमची ओढ मला मनापासून पटते. कीटकभक्षी वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक १८७५ चं, म्हणजे हे पत्र ऐन त्या कामातलं. पण हे पैसे घराचे आहेत. लाइफटाइम आयसा (पहिल्या घरासाठी सरकारी बोनस मिळणारं ब्रिटनमधलं बचत खातं) नसेल तर दोघांनीही चाळिशीच्या आत उघडा. वर्षाला प्रत्येकी ४,००० भरलेत की सरकार प्रत्येकी १,००० घालतं. खातं वर्षभर जुनं हवं आणि घर ४,५०,००० पाउंडांच्या आतलं, एवढं सांभाळा.

घर झालं, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला, की पत्रासाठी वेगळं खातं काढा. तेव्हा मर्यादा ठरवताना बोलीची नको, प्रीमियम आणि व्हॅट धरून एकूण रकमेची ठरवा.